पंपाचे नाव मोठे की वहीतला हिशेब?

जुम्याची नमाज आटोपल्यावर टेम्पो स्टँडवर किंवा गॅरेज लाइनमध्ये चार माणसे जमली की आधी मालाचा भाव निघतो, मग भाड्याचा, आणि थोड्याच वेळात बोलणे गाडीच्या ॲव्हरेजवर येऊन थांबते. कोणी छातीठोकपणे सांगतो की अमुक कंपनीच्या पंपावर पेट्रोल भरले की गाडी दोन किलोमीटर जास्त पळते. दुसरा म्हणतो, तो पंप तर सगळ्यात वाईट, तमुक कंपनीचेच डिझेल घ्यावे. मिस्त्री आपला तिसराच पंप सुचवतो. प्रत्येकाचा अनुभव पक्का असतो आणि एकाचाही दुसऱ्याशी मेळ बसत नाही. गंमत म्हणजे यांपैकी एकाच्याही खिशात किलोमीटर आणि लिटरची नोंद असलेला कागद सहसा निघत नाही.

हा विषय वरवर किरकोळ वाटेल. परंतु आपल्या समाजातील कितीतरी घरांची चूल चाकावर चालते. रिक्षावाले, टेम्पोवाले, फळांची गाडी घेऊन आठवडी बाजार गाठणारे, दुचाकीवर सुताची बाचकी किंवा तयार कपडे पोहोचवणारे, गावोगाव फिरून भंगार गोळा करणारे, या सर्वांचा रोजचा पहिला खर्च इंधनाचा असतो. भाडे वाढवणे त्यांच्या हाती नसते, इंधनाचा दर तर मुळीच नसतो. हाती असते ती एवढीच गोष्ट, की लिटरमागे गाडी किती चालते. म्हणून कंपनीच्या नावाने ॲव्हरेज बदलते काय आणि बदलत असेल तर किती, याचा सरळ हिशेब मांडणे आम्हास आवश्यक वाटते.

आमचे म्हणणे प्रारंभीच सांगून टाकतो. पंपावरच्या पाटीने ॲव्हरेजमध्ये जवळपास काही फरक पडत नाही. इंधनाच्या प्रतीने मात्र पडतो, मापाने पडतो, आणि सर्वांत जास्त फरक गाडीच्या निगेने व चालवणाऱ्याच्या हाताने पडतो. चर्चा मात्र आपण पाटीचीच करतो.

आधी पाटीचा इतिहास पाहू. आपल्या वडीलधाऱ्यांच्या काळात एस्सो, बर्मा शेल, कॅलटेक्स अशा परदेशी कंपन्यांचे पंप होते आणि ज्याची त्याची एकेका नावावर श्रद्धा होती. १९७४ ते १९७७ या काळात या कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. एस्सोची हिंदुस्थान पेट्रोलियम झाली, पुढे कॅलटेक्सही तिच्यातच आली आणि बर्मा शेलची भारत पेट्रोलियम झाली. इंडियन ऑइल ही सरकारी कंपनी आधीपासून होतीच. नावे बदलली, परंतु अमक्याचे तेल चांगले आणि तमक्याचे वाईट ही समजूत बापाकडून मुलाकडे आली.

वास्तविक स्थिती अशी आहे की या तिन्ही सरकारी कंपन्या गरजेप्रमाणे एकमेकींच्या शुद्धीकरण कारखान्यांतून आणि डेपोंमधून माल उचलतात. पाटी कोणत्याही कंपनीची असली तरी पंपाजवळचा कारखाना ज्या कंपनीचा, बहुधा त्याच कारखान्याचे तेल पंपावर येते. इतक्या लांबून दुसरीकडचा माल वाहून आणणे कोणालाच परवडणारे नसते. सर्वांना भारतीय मानक संस्थेने ठरवलेल्या एकाच प्रतीचे बंधन असते. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा ही प्रत लागू झाली आणि गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आले. हे बंधन सरकारी कंपन्यांना आहे तसेच खासगी कंपन्यांनाही आहे. तेव्हा कारखान्यातून निघताना या पंपाचे आणि त्या पंपाचे साधे पेट्रोल यांत गाडीच्या ॲव्हरेजला जाणवेल असा फरक नसतो.

मग जाहिरातीत दिसणारे महागडे पेट्रोल कशासाठी? येथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि विक्रेता त्या एकत्र करून सांगतो. पहिली गोष्ट ऑक्टेनची. महागड्या पेट्रोलचा ऑक्टेन आकडा साध्या पेट्रोलपेक्षा बहुधा अधिक असतो. हा आकडा म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. दाबाखाली ते वेळेआधी भडकू नये, इंजिन ठोकू नये, यासाठीची ती सहनशक्ती आहे. ज्या इंजिनात मिश्रण फार दाबले जाते, अशा भारी मोटारींना आणि वेगवान मोटारसायकलींना तिची गरज असते. आपली नेहमीची शंभर-सव्वाशे सीसीची दुचाकी, रिक्षा आणि लहान टेम्पो साध्या पेट्रोलवर चालण्यासाठीच बनवलेले असतात. त्यांना जास्त ऑक्टेनचे पेट्रोल पाजणे म्हणजे शिरखुर्म्यात दोन भांडी साखर ओतण्यासारखे आहे. पैसे जातात, चव काही वाढत नाही. अमेरिकेतील मोटारचालकांच्या ट्रिपल ए या मोठ्या संघटनेने २०१६ साली साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या मोटारींत महागडे पेट्रोल भरून तपासणी केली, तेव्हा ॲव्हरेजमध्ये किंवा शक्तीत लक्षात घेण्यासारखी वाढ आढळली नाही.

दुसरी गोष्ट त्यात घातलेल्या स्वच्छता द्रव्यांची. हा दावा निव्वळ खोटा नाही, हे आम्ही प्रामाणिकपणे मान्य करतो. इंजिनाच्या आत, विशेषतः व्हॉल्व्हवर आणि इंजेक्टरवर कार्बन धरतो आणि चांगली द्रव्ये तो धरू देत नाहीत. त्याच संघटनेने त्याच वर्षी केलेल्या दुसऱ्या तपासणीत कमी द्रव्ये असलेल्या पेट्रोलने व्हॉल्व्हवर सरासरी १९ पट अधिक साका धरला होता. परंतु हा फायदा इंजिन दीर्घकाळ स्वच्छ राहण्याचा आहे. आज टाकी भरली आणि उद्या ॲव्हरेज वाढले, असा तो नव्हे.

आता व्यापाऱ्याच्या पद्धतीने हिशेब करू. सोयीसाठी साधे पेट्रोल लिटरला १०० रुपये आणि महागडे १०८ रुपये धरा. समजा एक लहान टेम्पो दिवसाला ९० किलोमीटर चालतो आणि लिटरला १८ किलोमीटर देतो. त्यास ५ लिटर लागतात, खर्च ५०० रुपये. महागडे भरले तर ५४० रुपये. हे ४० रुपये भरून निघण्यासाठी गाडीने १८ ऐवजी जवळजवळ साडेएकोणीस किलोमीटर दिले पाहिजेत, म्हणजे आठ टक्के वाढ पाहिजे. साध्या इंजिनात केवळ पेट्रोल बदलून अशी वाढ मिळत नाही. महिन्याचे २५ दिवस धरले तर १,००० रुपये वरच्या वर गेले. तेवढ्या पैशांत वेळच्या वेळी ऑइल बदलता येते, एअर फिल्टर बदलता येतो आणि वर मुलांच्या वह्या येतात.

पाटीचा प्रश्न येथे संपतो आणि प्रतीचा सुरू होतो. इंधनाच्या प्रतीने ॲव्हरेज खरोखर बदलल्याचे सर्वांत ठळक उदाहरण आज प्रत्येक पंपावर आहे, ते म्हणजे इथेनॉल. उसाच्या मळीपासून, रसापासून आणि धान्यापासून बनवलेले हे द्रव्य पेट्रोलमध्ये मिसळले जाते. २०१४ साली त्याचे प्रमाण दीड टक्का होते, जून २०२२ मध्ये ते दहा टक्क्यांवर आले आणि २०२५ साली वीस टक्क्यांवर पोहोचले. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. वीस टक्के मिश्रण म्हटले की लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी झाली. हा शाळेतल्या गणिताचा भाग आहे. यात कोणत्याही पंपवाल्याचा दोष नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. इथेनॉलचा ऑक्टेन आकडा मोठा आहे. ज्या इंजिनाची जुळणी या मिश्रणासाठी केलेली असते ते या गुणाचा उपयोग करून तोटा बराचसा भरून काढते. नीती आयोगाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या आराखड्यातच हे आकडे आहेत. वीस टक्के मिश्रणासाठी जुळणी केलेल्या चारचाकीत घट एक ते दोन टक्के, जुन्या पद्धतीच्या दुचाकीत तीन ते चार टक्के आणि जुन्या चारचाकीत सहा ते सात टक्के. आता विचार करा, नवी गाडी कोणाकडे असते आणि जुनी कोणाकडे? शोरूममधून गाडी काढणाऱ्याचे नुकसान एक टक्का आणि तिसऱ्या हाताची गाडी घेऊन पोट भरणाऱ्याचे सहा टक्के! वर दिलेल्या टेम्पोचा हिशेब केला तर सहा टक्के घटीने दिवसाला ३२ रुपये आणि महिन्याला सुमारे ८०० रुपये जादा लागतात. शिवाय जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि वॉशर लवकर खराब होण्याची शक्यता असते, तो खर्च निराळा.

इथेनॉलमुळे परदेशी तेलावरील खर्च कमी होतो आणि आपल्याच महाराष्ट्रातील ऊस उत्पादकाला चार पैसे मिळतात, हे आम्हास मान्य आहे. शेतकऱ्याच्या पदरात काही पडत असेल तर त्याविरुद्ध आम्ही का बोलावे? परंतु त्याच आराखड्यात आयोगाने असेही सुचवले होते की ऊर्जा कमी असल्यामुळे या मिश्रणाची किंमत साध्या पेट्रोलपेक्षा कमी ठेवावी. ऊर्जा कमी झाली, किंमत मात्र कमी झाली नाही. दुकानदाराने मालाचा कस कमी करून भाव तोच ठेवला तर गिऱ्हाईक जाब विचारते. येथे जाब विचारण्याचा मार्ग गिऱ्हाइकाच्या संघटनांनी आणि लोकप्रतिनिधींनी शोधला पाहिजे. टेम्पोवाल्याने मात्र हे समजून घ्यावे की जुन्या गाडीचे ॲव्हरेज गेल्या दोन-तीन वर्षांत थोडे उतरले असेल तर पंप बदलून ते परत येणार नाही.

यानंतर भेसळीकडे येऊ. कारखान्यातून शुद्ध निघालेले तेल वाटेत, टँकरमध्ये किंवा पंपाच्या टाकीत बिघडू शकते. रेशनच्या रॉकेलवर मोठे अनुदान होते त्या काळात रॉकेल आणि पेट्रोल-डिझेल यांच्या दरात एवढी तफावत होती की भेसळीचा धंदा त्यावर पोसला गेला. या धंद्याची क्रूरता नाशिक जिल्ह्याने पाहिली आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ पानेवाडी भागात, तेलाची चोरी आणि भेसळ पकडण्याचा प्रयत्न करीत असता, भरदिवसा जाळून मारण्यात आले. त्याआधी नोव्हेंबर २००५ मध्ये उत्तर प्रदेशातील लखीमपूर खिरी येथे इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी एस. मंजुनाथ यांचा, भेसळ करणाऱ्या पंपावर कारवाई केली म्हणून, खून झाला. ज्या थेंबाला आपण किरकोळ समजतो त्यासाठी दोन प्रामाणिक माणसांनी जीव गमावला आहे.

रॉकेलवरील अनुदान सरकारने पुढे हळूहळू काढून घेतले आणि तो जुना मार्ग बराच अरुंद झाला. परंतु लोभाला वाटा अनेक. स्वस्त विद्रावके आहेत, आणि अलीकडच्या वर्षांत बायोडिझेलच्या नावाखाली भलतेच औद्योगिक तेल महामार्गांवर विकण्याचे प्रकार गुजरातमध्ये आणि आपल्याकडेही उघडकीस आले.

भेसळीचा ॲव्हरेजवर नेमका परिणाम काय होतो, याबाबतही गैरसमज आहेत. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळले तर ते नीट जळत नाही. इंजिन ठोकते, प्लग काळा पडतो, पिकअप जातो आणि ॲव्हरेज उतरते. डिझेलमध्ये रॉकेल मिसळले तर मात्र गाडी जवळजवळ नेहमीसारखीच चालते. रॉकेल हलके असल्यामुळे लिटरमागे ऊर्जा थोडीच कमी पडते, म्हणून ॲव्हरेजवरून ही चोरी चटकन पकडता येत नाही. नुकसान आत होत असते. डिझेलमध्ये जो स्निग्धपणा असतो त्यावर पंप आणि नोझल टिकतात. रॉकेलने तो कमी होतो आणि काही महिन्यांनी हजारो रुपयांचा इंजेक्शन पंप कामातून जातो. दिवसाला वीस-पंचवीस रुपये वाचवले म्हणून खूश झालेल्या मालकाला ही किंमत एकदम मोजावी लागते.

येथे थोडे स्वतःकडेही पाहिले पाहिजे. भेसळ फक्त पंपवाला करतो असे म्हणणे म्हणजे आपल्या पायाखालचे न पाहणे होय. पेट्रोलवरच्या रिक्षांमध्ये रॉकेल घालणारे चालक आपण सर्वांनी पाहिले आहेत. टँकरमधून काढलेला माल कॅनमध्ये भरून स्वस्तात विकला जातो आणि तो घेणारेही आपल्यातच असतात. गॅरेजमध्ये ॲव्हरेज वाढवणारी गोळी किंवा बाटली गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणारे मिस्त्रीही आहेत. स्वस्त मिळते म्हणून चोरीचा माल घेणारा चोरीत भागीदार असतो, हे आपल्या धर्माने वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. मदीनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आतले धान्य ओले लागले, तेव्हा पैगंबर मुहम्मद (स.) यांनी विक्रेत्याला जाब विचारला आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाकारला, हा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो. धान्याच्या जागी डिझेल आले म्हणून त्यातला हुकूम बदलत नाही.

प्रतीनंतर माप. मापात पाप ही म्हण उगाच पडलेली नाही. कुरआनात मापात कमी देणाऱ्यांवर एक संपूर्ण सूरह आहे आणि हजरत शुएब (अलै.) यांच्या मदयनवासीयांची कथाही याच दोषाची आहे. एप्रिल २०१७ मध्ये लखनऊ येथे पंपांच्या यंत्रात बसवलेल्या चिप पोलिसांनी पकडल्या. त्याच वर्षी जूनमध्ये ठाणे पोलिसांनी महाराष्ट्रात ठिकठिकाणी पंपांवर छापे घातले आणि तसाच प्रकार उघड झाला. यंत्रावर आकडा पूर्ण दिसायचा, नळीतून तेल कमी यायचे. अशा पंपावर पेट्रोल कितीही शुद्ध असले तरी गिऱ्हाइकाला ॲव्हरेज कमीच पडणार, आणि तो बिचारा इंजिनाला किंवा कंपनीला दोष देणार. बऱ्याच वेळा अमुक पंपाचे पेट्रोल चांगले या वाक्याचा खरा अर्थ अमुक पंपाचे माप चांगले एवढाच असतो.

या बाबतीत गिऱ्हाइकाला जे हक्क आहेत ते थोड्यांनाच माहीत असतात, म्हणून येथे देतो. प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याच्या शिक्क्याचे पाच लिटरचे माप असले पाहिजे. शंका आली तर त्यात पाच लिटर काढून दाखवण्यास सांगता येते. २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून कमी भरले तर तक्रार करावी. पेट्रोलसाठी फिल्टर पेपर मागावा. नोझलचे तोंड पुसून त्यावर एक थेंब टाकावा. दोनेक मिनिटांत तो डाग न ठेवता उडून गेला पाहिजे. डाग राहिला तर त्यात जड तेल असल्याचा संशय घ्यावा. हलक्या विद्रावकाची भेसळ मात्र या चाचणीत सापडत नाही. त्यासाठी घनता आहे. त्या दिवसाची घनता पंपावर लिहिलेली असते. हायड्रोमीटर व थर्मामीटरने ती आपल्यासमोर मोजून तक्त्याप्रमाणे १५ अंशांवर आणली की नोंदीपेक्षा तीन अंकांहून जास्त फरक नसावा. या कोणत्याही तपासणीचे पैसे द्यावे लागत नाहीत. तक्रारवही मागणे हाही हक्कच आहे. पंपावरचा पोऱ्या कुरकुरला म्हणून हक्क संपत नाही, परंतु त्याच्याशी हुज्जत घालू नये. तो रोजंदारीवरचा नोकर असतो, मालकाला बोलवावे.

सकाळी थंड हवेत पेट्रोल घेतले की जास्त मिळते, अशीही एक समजूत आहे. थंडीत तेल आकसते हे खरे. परंतु पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिच्यातील तेलाचे तापमान दिवसभरात फारसे बदलत नाही. त्यासाठी फजरनंतर पंपावर रांग लावण्याचे कारण नाही.

शेवटी गाडीकडे येऊ. टायरमध्ये हवा कमी, घट्ट बसलेला ब्रेक, धुळीने भरलेला एअर फिल्टर, सैल चेन, क्लचवर सतत ठेवलेला पाय, क्षमतेपेक्षा जास्त लादलेला माल आणि मोकळ्या रस्त्यावर विनाकारण दाबलेला ॲक्सिलरेटर, यांतील दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या की जेवढे ॲव्हरेज जाते तेवढे कोणत्याही कंपनीच्या तेलाने परत येत नाही. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना वर्षानुवर्षे सांगत आली आहे की ताशी ४५ ते ५५ किलोमीटरच्या दरम्यान गाडी चालवावी आणि थांबा लांबला तर इंजिन बंद करावे. चहाच्या टपरीवर गप्पा मारताना गाडी चालू ठेवणारा माणूस पंपाच्या नावावर वाद घालतो तेव्हा हसावे की रडावे कळत नाही. इसराफ म्हणजे उधळपट्टी फक्त लग्नाच्या मांडवातच होते असे नाही.

मग आपल्या गाडीला कोणता पंप चांगला, हे कसे ठरवावे? त्यासाठी एक दहा रुपयांची वही पुरे. टाकी काठोकाठ भरून किलोमीटर लिहावेत, पुढच्या वेळी त्याच पद्धतीने भरून लिटर लिहावेत आणि भागाकार करावा. परंतु एका टाकीवरून निकाल देऊ नये. पाच लिटरच्या भरण्यात अर्धा लिटर इकडेतिकडे झाला तरी दहा टक्क्यांचा फरक दिसतो, आणि आपण ज्या फरकावर वाद घालतो तो बहुधा याहून लहान असतो. ज्यांना रोज शंभर-दोनशे रुपयांचेच पेट्रोल परवडते त्यांनी टाकी भरण्याच्या भानगडीत पडू नये. महिन्याच्या पहिल्या तारखेला किलोमीटर लिहावेत, महिनाभर प्रत्येक वेळचे लिटर लिहावेत, आणि अखेरीस एकूण किलोमीटरला एकूण लिटरने भागावे. छोट्या चुका महिनाभरात एकमेकींना कापतात आणि आकडा बराच खरा येतो. सीएनजीवाल्यांनी लिटरऐवजी किलो लिहावेत, बाकी रीत तीच. एक महिना एका पंपावर, दुसरा महिना दुसऱ्या पंपावर, रस्ता आणि भार शक्यतो सारखा ठेवून पाहावे. आकडा सलग दोन महिने पाच टक्क्यांहून जास्त उतरला तर आधी टायर आणि फिल्टर पाहावा, मग पंपावर जाऊन माप मागावे.

आमची आणखी एक सूचना आहे. एकट्या रिक्षावाल्याने पाच लिटरचे माप मागितले तर त्याला वेड्यात काढतील. टेम्पो युनियन, रिक्षा संघटना आणि बाजारपेठेतील व्यापारी मंडळे यांनी महिन्यातून एक दिवस ठरवून आपल्या भागातील पंपांवर चार-पाच जणांनी मिळून जावे, माप व घनता तपासावी आणि जे दिसेल ते स्टँडवरच्या फळ्यावर लिहावे. ज्याचे माप चोख त्याचे नाव चांगले म्हणून लिहावे, त्यात कंजुषी करू नये. प्रामाणिक पंपमालकही पुष्कळ आहेत, आणि गिऱ्हाईक शहाणे झाले तर सर्वांत जास्त फायदा त्यांचाच आहे. मात्र फळ्यावर ऐकीव गोष्ट लिहू नये. पुराव्याशिवाय एखाद्याच्या धंद्याची बदनामी करणे हेदेखील मापात कमी देण्याइतकेच मोठे पाप आहे.

लिटरमागे एक किलोमीटर वाचवणे ही काही मोठी क्रांती नव्हे. परंतु दिवसाचे तीस रुपये म्हणजे एका घरातले दूध आहे, आणि ते दूध पंपाच्या पाटीवरून वाद घालून येत नाही. पुढच्या जुम्याला स्टँडवर ॲव्हरेजचा विषय निघाला की बोलणाऱ्याला आधी वही दाखवण्यास सांगावे. वही असणाऱ्याचे जरूर ऐकावे. ज्याच्याकडे नसेल त्याला चहा पाजावा आणि दहा रुपयांची वही घेऊन द्यावी. इन्शाअल्लाह, दोन महिन्यांत वाद कमी होतील आणि हिशेब वाढतील.